गोराईच्या पाण्यातले जिवाणू येतात कुठून?



बोरीवली स्टेशनवरून गोराई जेट्टी गाठायची, लाँचने खाडी ओलांडायची आणि पलीकडे रिक्षा करून समुद्रावर जायचं, ही सहल तुमच्यापैकी बहुतेकांनी केलेली असणार. ओहोटीच्या वेळी लाँचमध्ये बसला असाल तर खाडीचा वासही आठवत असेल. नाकाला रुमाल लावून आपण पलीकडे जातो आणि किनाऱ्यावर पोचलो की तेच पाणी आहे हे विसरून लाटांत उतरतो.

मागच्या हिवाळ्यात नववीच्या वर्गात मी हा विषय काढला. फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: समुद्राच्या पाण्यात मैल्याचे जिवाणू सापडतात, ते कुणाचे? अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, "झोपडपट्टीवाल्यांचे, सर." तीन-चार जणांनी मान डोलावली. नदीकाठच्या वस्तीत राहणारी एक मुलगी दुसऱ्या बाकावर बसते. तिने वहीत मान घातली.

मी तेव्हा काही बोललो नाही. उत्तर कदाचित बरोबर असेल, कदाचित चूक असेल, कदाचित अर्धंच बरोबर असेल. पण ते कुणी तपासलं होतं का? आजचा पाठ त्या तपासण्याबद्दल आहे.

आधी मोजायचं काय ते पाहू. पाण्यातून पसरणारे रोगजंतू अनेक आहेत: विषमज्वराचे, पटकीचे, कावीळ अ चे विषाणू, जुलाब घडवणारे कितीतरी. प्रत्येकाला वेगळं शोधत बसलो तर वेळही पुरणार नाही आणि पैसाही. म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्या सोबत्याला शोधतात. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिश या जर्मन-ऑस्ट्रियन डॉक्टरांनी लहान बाळांच्या शीमधून एक जिवाणू वेगळा केला. तोच आजचा ई. कोलाय. उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात तो कोट्यवधींच्या संख्येने राहतो आणि बहुतेक वेळा काही त्रास देत नाही. तो पाण्यात दिसला की समजायचं, इथे विष्ठा आली आहे, आणि विष्ठेबरोबर रोगजंतूही येऊ शकतात. ई. कोलाय आणि त्याच्या जवळच्या भाऊबंदांच्या गटाला विष्ठाजन्य कोलिफॉर्म म्हणतात, इंग्रजी अहवालांत फीकल कोलिफॉर्म.

हे मोजण्याची जुनी आणि अजूनही वापरातली पद्धत फार सुंदर आहे. परीक्षानळ्यांत दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, असलेलं द्रावण घेतात. प्रत्येक नळीत एक चिमुकली नळी उलटी घातलेली असते, तिला डरहॅमची नळी म्हणतात. नमुन्याचं पाणी पातळ करत करत या नळ्यांत घालायचं आणि ४४.५ अंश सेल्सिअसला साधारण एक दिवस ठेवायचं. एवढ्या उष्णतेला बाकीचे बरेच जिवाणू मागे पडतात. कोलिफॉर्म असतील तर ते साखर आंबवून वायू तयार करतात आणि उलट्या नळीत बुडबुडा अडकतो. कितव्या पातळीपर्यंत किती नळ्यांत बुडबुडे आले यावरून तक्त्यात पाहून संख्या काढतात. ही संख्या मोजलेली नसते, संभाव्यतेच्या गणिताने काढलेली असते, म्हणून तिला 'सर्वाधिक संभाव्य संख्या' म्हणतात. अहवालात एमपीएन हे तीन अक्षरांचं नाव दिसेल ते हेच. (संभाव्यता हा धडा कशाला शिकायचा, असं विचारणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं.)

यातली अडचण लक्षात आली का? उत्तर यायला किमान एक दिवस लागतो, खात्री करायची तर त्याहून जास्त. किनाऱ्यावर फलक लावला तरी तो कालच्या पाण्याबद्दल सांगणार.

आपल्याकडे पर्यावरण संरक्षण नियमांत किनारी पाण्याचे पाच वर्ग केले आहेत. आंघोळीचं, पोहण्याचं पाणी दुसऱ्या वर्गात येतं आणि त्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्मची मर्यादा दर १०० मिलिलिटरला १०० अशी आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ जुहू, वर्सोवा, गिरगाव चौपाटी अशा ठिकाणचे नमुने नेमाने तपासतं, आणि ही मर्यादा ओलांडलेली त्या आकड्यांत वारंवार दिसते. कच्च्या मैलापाण्यात मात्र दर १०० मिलिलिटरला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत हे जिवाणू असतात. आता भागाकार करा. एक कोटीचे शंभर करायचे तर पाणी एक लाख पट पातळ करावं लागेल. म्हणजे एक लिटर मैलापाण्यासाठी एक लाख लिटर स्वच्छ पाणी, आपल्या सोसायटीत येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर दहा टँकर. समुद्र मोठा आहे खरा, पण खाडी तेवढी मोठी नाही.

नदीच्या उलट दिशेने

इथवर आपल्याला कळलं की विष्ठा पाण्यात आहे. कुणाची, हे या चाचणीतून कळत नाही. माणसाच्या, म्हशीच्या, कुत्र्याच्या, कावळ्याच्या आतड्यातले कोलिफॉर्म त्या उलट्या नळीत सारखाच बुडबुडा काढतात. म्हणून स्रोत शोधायचा तर प्रयोगशाळेच्या आधी नकाशा लागतो.

नकाशा उघडा. आपली दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाच्या बाजूला उगम पावते. सुमारे १२ किलोमीटर वाहत श्रीकृष्ण नगर, दौलत नगर, कांदरपाडा, दहिसर गावठाण अशी वाट काढून ती मनोरी खाडीला मिळते. तिची बहीण पोईसर नदीही उद्यानातच जन्मते आणि कांदिवलीतून मार्वेच्या खाडीकडे जाते. तिला आपण सगळे 'पोईसर नाला' म्हणतो, ती नदी आहे हे मुलांना सांगावं लागतं. मनोरी खाडी मनोरी आणि मार्वे यांच्यामधून समुद्रात उघडते. गोराईचा किनारा या खाडीच्या पलीकडे, पश्चिमेला, उघड्या समुद्राकडे तोंड करून आहे.

म्हणजे नदीचं पाणी सरळ गोराईच्या वाळूवर येऊन पडत नाही. ते आधी खाडीत उतरतं, ओहोटीबरोबर मुखातून बाहेर पडतं आणि मग भरती, वारा, प्रवाह जिकडे नेतील तिकडे जातं. शिवाय किनाऱ्यावर स्थानिक स्रोतही असू शकतात: घरांचे आणि बंगल्यांचे गळके सेप्टिक टँक, भटकी कुत्री, हिवाळ्यात येणारे कुरव पक्ष्यांचे थवे, उघड्यावर बसणारी माणसं. संशयितांची यादी अशी लांब आहे. वर्गातल्या उत्तरात एकच नाव होतं.

आता एक साधी गोष्ट, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली. मुंबईत पावसाचं पाणी नेणारी गटारं वेगळी आणि मैला नेणाऱ्या वाहिन्या वेगळ्या अशी रचना आहे. मैला वाहिन्यांतून केंद्रावर जायचा, तिथे प्रक्रिया होऊन समुद्रात किंवा खाडीत सुटायचा. पावसाळी गटारात फक्त पाऊस. मग मला सांगा, एप्रिल महिन्यात, शेवटचा पाऊस पडून सहा महिने झालेले असताना, नाल्यात पाणी का वाहतं?

ते पाणी आकाशातून आलेलं नसतं. ते कुणाच्या तरी मोरीतून, संडासातून, गोठ्यातून किंवा कारखान्यातून आलेलं असतं. याला कोरड्या हंगामातला प्रवाह म्हणतात. स्रोत शोधणारा माणूस भर पावसात फिरत नाही, तो उन्हाळ्यात फिरतो आणि पुलावरून खाली बघून विचारतो, कुठला पाइप ओला आहे? नदीच्या काठाने वर वर जायचं. प्रत्येक मिळणाऱ्या नाल्याच्या आधी एक नमुना, नंतर एक नमुना. ज्या दोन बाटल्यांच्या मधे आकडा उसळतो, त्यांच्या मधे चोर आहे.

पण आकडा उसळला म्हणून तोच सर्वांत मोठा चोर, असंही नाही. समजा (हे आकडे मी गणितासाठी घेतले आहेत), पहिल्या नाल्यात दर १०० मिलिलिटरला दहा लाख जिवाणू आहेत आणि सेकंदाला २० लिटर पाणी येतं. दुसऱ्यात फक्त एक लाख आहेत, पण पाणी येतं सेकंदाला ५०० लिटर. पहिला नाला काळाकुट्ट, दुसरा जरा बरा दिसणारा. गुणाकार करा. पहिल्यातून सेकंदाला २० कोटी जिवाणू नदीत पडतात, दुसऱ्यातून ५० कोटी. डोळ्यांना आणि नाकाला पहिला दोषी वाटेल, पण समुद्रावर जास्त बोजा दुसऱ्याचा आहे. दुर्गंधीवरून न्याय करणारे इथे हमखास फसतात.

नमुना केव्हा घेतला यालाही तितकंच महत्त्व आहे. नदीच्या खालच्या भागात भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत शिरतं. त्या वेळी बाटली भरली तर तुम्ही नदी तपासत नाही, खाडी तपासता. म्हणून ओहोटी लागून बराच वेळ झाल्यावर भरायची. तसंच उन्हाचं. भर उन्हात उथळ, निवळ समुद्राच्या पाण्यात बहुतेक कोलिफॉर्म काही तासांत मरतात, रात्री मात्र ते कितीतरी जास्त टिकतात. सकाळी सहाची आणि दुपारी दोनची बाटली एकाच जागेची असली तरी आकडे वेगळे येणार. अहवालात वेळ लिहिलेली नसेल तर त्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

हे सगळं वर्गात सांगत असताना वहीत मान घातलेली ती मुलगी बोलली. म्हणाली, "सर, आमच्याकडे पाणी दिवसभर सारखं नसतं. सकाळी साबणाचा फेस येतो. दुपारी हिरवट होतं आणि शेणाचा वास येतो. तेव्हा वर तबेल्यात म्हशी धुतात."

वर्ग गप्प. मुलांनो, ही एक निरीक्षणनोंद आहे आणि कुठल्याही यंत्रावाचून घेतलेली आहे. प्रवाहाला वेळापत्रक असतं. घरांचं पाणी सकाळी सहा ते नऊला उसळतं, तबेल्याचं धुण्याच्या वेळी. दर दोन तासांनी दिवसभर नमुने घेतले तर हे दोन उंचवटे आलेखावर वेगळे दिसतील. नदीकाठी राहणाऱ्याला जे रोज दिसतं ते आपल्याला एका सहलीत दिसणार नव्हतं.

माणूस की म्हैस?

मुंबईच्या उपनगरांत तबेले जुने आहेत आणि दहिसर नदीत शेण जातं ही तक्रारही जुनी आहे. म्हशीचं शेण दिवसाला कित्येक किलो. दर ग्रॅममागे त्यात कोलिफॉर्म माणसाच्या विष्ठेपेक्षा कमी असतात, पण ढीग मोठा असल्याने एकूण आकडा कमी भरत नाही. फरक धोक्यात आहे. माणसाच्या मैल्यातून माणसालाच होणारे विषाणू येतात, कावीळ अ आणि नोरोव्हायरससारखे. शेणातूनही काही आजार होतात, पण जुलाब आणि काविळीच्या साथीसाठी मानवी मैला अधिक घातक मानतात. म्हणून कुणाचा, हा प्रश्न केवळ दोष देण्यापुरता नाही. गटार बांधायचं की शेणाचा खड्डा, हे त्यावर ठरतं.

फरक ओळखण्याचा एक जुना उपाय पाठ्यपुस्तकांत अजून सापडतो. कोलिफॉर्मच्या संख्येला विष्ठाजन्य स्ट्रेप्टोकॉकाय या दुसऱ्या गटाच्या संख्येने भागायचं. भागाकार ४ पेक्षा जास्त आला तर माणूस, ०.७ पेक्षा कमी आला तर जनावर. किती सोपं! दुर्दैवाने चालत नाही. दोन्ही गट पाण्यात वेगवेगळ्या वेगाने मरतात, त्यामुळे विष्ठा पाण्यात पडून जसजसा वेळ जातो तसतसा भागाकार आपोआप बदलतो. सकाळी 'माणूस' सांगणारा नमुना पुढे वाहत जाऊन 'म्हैस' सांगू लागतो. परीक्षेत हा प्रश्न आला तर उत्तर लिहा, पण त्यावरून कुणाला नोटीस पाठवू नका.

त्यापेक्षा मला धुण्याच्या पावडरीची युक्ती आवडते. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत चकाकी आणणारी द्रव्यं घालतात. अतिनील प्रकाशात ती निळसर चमकतात. नोटा तपासायचा छोटा निळा टॉर्च दुकानदाराकडे असतो ना, तोच. चकाकीद्रव्य नसलेला कापूस जाळीत बांधून नाल्यात काही दिवस ठेवतात, मग वाळवून अंधारात टॉर्च मारतात. चमकला तर त्या पाण्यात घरगुती धुणं आहे. म्हशींना कुणी पावडरीने धूत नाही! मात्र यातून मोरीचं पाणी सिद्ध होतं, संडासाचं होत नाही. कित्येक इमारतींत आणि चाळींत दोन्ही वेगळ्या मार्गाने जातात.

संडासासाठी आणखी साधा उपाय आहे: रंग. संशय असलेल्या इमारतीच्या संडासात फ्लुरोसीनसारखा निरुपद्रवी, चमकदार हिरवा रंग ओतायचा आणि पावसाळी गटाराच्या तोंडाशी कुणीतरी उभं राहायचं. रंग तिथे दिसला तर जोडणी चुकीची आहे. अशा चुकीच्या जोडण्या वस्तीतही असतात आणि चकचकीत टॉवरमध्येही. फरक इतकाच की टॉवरचा पाइप जमिनीखाली असतो, वस्तीचा उघडा.

आणि शेवटी जनुकांची चाचणी. आतड्यात ई. कोलायपेक्षा कितीतरी जास्त संख्येने बॅक्टेरॉइडीज नावाचे जिवाणू असतात. त्यांना ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून बाहेर पडल्यावर ते फार दिवस टिकत नाहीत. माणसात, गुरांत, कुत्र्यांत त्यांचे वेगवेगळे वाण आहेत. २००० साली अमेरिकेत बर्नहार्ड आणि फील्ड या दोन संशोधकांनी माणसाशी निगडित असलेली जनुकीय खूण प्रसिद्ध केली, आणि पाण्यातला डीएनए वाढवून 'यात माणूस आहे का' असं थेट विचारता येऊ लागलं. कोविडमध्ये नाकातून घेतलेल्या नमुन्यावर झाली ती पीसीआर चाचणी, तिचीच ही चुलत बहीण. पण परदेशात घडवलेली खूण इथल्या माणसांवर, म्हशींवर, कोंबड्यांवर आधी पडताळावी लागते, कारण ती कधीकधी भलत्या प्राण्यातही सापडते. ओडिशात अशी पडताळणी झालेली आहे.

कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटावर ॲव्हलॉन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर जिवाणू सापडत, पण येऊन मिळणारा मोठा नाला दिसत नव्हता. पक्ष्यांवर संशय होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी आधी स्वस्त चाचण्या केल्या, जागा आवळत आणली आणि मगच महागड्या जनुकीय चाचण्या लावल्या. किनाऱ्यालगतच्या भूजलात मानवी मैल्याच्या खुणा मिळाल्या. गावाच्या जुन्या वाहिन्या गळत होत्या आणि मैला वाळूखालून झिरपत समुद्रात येत होता. उलट, हंटिंग्टन बीचवर १९९९ च्या उन्हाळ्यात किनारा आठवडेच्या आठवडे बंद ठेवावा लागला, सगळ्यांचं बोट समुद्रात दूरवर सोडलेल्या मैल्याच्या नळाकडे होतं, आणि तपासात जवळच्या दलदलीतल्या पक्ष्यांची विष्ठा हाही एक स्रोत निघाला. दोन किनारे, दोन्हीकडे पहिला संशय अपुरा.

गोराईसाठी मी सुरुवात मिठापासून करीन. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, नाल्याच्या पाण्यात अगदी थोडे. किनाऱ्यावर ठिकठिकाणी क्षार आणि कोलिफॉर्म दोन्ही मोजायचे. क्षार कमी होतात तिथे जिवाणू वाढत असतील तर ते गोड्या पाण्याबरोबर, म्हणजे नदी-नाल्यातून किंवा जमिनीतून आले. क्षार समुद्राइतकेच आणि तरी जिवाणू जास्त, तर किनाऱ्यावरच काहीतरी घडतंय: कुत्री, पक्षी, माणसं, किंवा ओली वाळू. हो, वाळूसुद्धा. सावलीतल्या ओल्या वाळूत हे जिवाणू पाण्यापेक्षा जास्त काळ तग धरतात.

काही पालकांनी विचारलं, मग मुलांना पाण्यात जाऊच द्यायचं नाही का? १९९५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सांता मोनिका उपसागरात पोहणाऱ्या हजारो लोकांची नोंद ठेवून नंतर त्यांना फोन करून तब्येत विचारली गेली. पावसाळी गटाराच्या तोंडाशी पोहणाऱ्यांत ताप, उलट्या, कानाचे आणि श्वसनाचे त्रास दूर पोहणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले. जुहूला, वर्सोव्याला वाळूतून नाल्याचा उथळ ओहळ समुद्राकडे जाताना दिसतो. घोटाभर पाणी, लाट नाही, जरा कोमट. लहान मुलं नेमकी तिथेच बसतात आणि आया निर्धास्त असतात, कारण ते लाटांपासून लांब आहे. तिथून मुलाला उठवा. ओहळापासून शे-दोनशे पावलं दूर, उन्हात, भरतीच्या पाण्यात खेळू द्या, डोकं बुडवू देऊ नका आणि खाण्याआधी हात धुवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस तर नकोच, कारण सहा महिने नाल्यांत साचलेलं सगळं त्या पावसात एकदम समुद्रात येतं.

प्रकल्पासाठी आता गट पाडले आहेत. कुणीही नाल्यात उतरायचं नाही आणि पाण्याला हात लावायचा नाही, नमुने प्रयोगशाळेचे लोक घेतील. बाजारात मिळणारी, पाणी दूषित असेल तर काळी पडणारी कुपीही आणू नका. ती पिण्याच्या पाण्यासाठी आहे, नाल्यात ती नेहमीच काळी होणार, आणि खाडीच्या चिखलात तर गंधकाचा वायू मुळातच असतो. तुमचं काम पुलावरून आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ओहोटीला, सकाळी सात आणि दुपारी तीन अशा दोन वेळा. दहिसर नदीवरच्या प्रत्येक पुलावर उभं राहून दोन्ही काठांचे पाइप मोजा, ओले किती आणि कोरडे किती ते लिहा, पाण्याचा रंग, फेस आणि वास नोंदवा, वेळ लिहायला विसरू नका. सर्वांत वरचा पूल उद्यानाच्या जवळचा घ्या. तिथेही आकडा शून्य येणार नाही, हरणं आणि माकडं आहेतच, पण तुलनेसाठी तो लागेल. काठावरच्या नोंदींचा गट त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीकडे दिला आहे. तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं, "सर, टॉवरच्या मागचा पाइपपण लिहायचा ना?"

लिहायचा.